पिचरचे ट्रेड आणि साय यंगची शर्यत : नव्या बेसबॉलप्रेमींसाठी पायरी-पायरीने

बेसबॉलचे मूळ नियम महिनाभर सामने पाहिले की अंगवळणी पडतात. तीन स्ट्राइकला बाद, चार बॉलला फुकटात पहिला बेस, नऊ इनिंग. गाडी अडते ती पुढे. जुलै उजाडला की ऑफिसात "कोण विकणार, कोण घेणार" सुरू होतं आणि सप्टेंबर लागला की "यंदा साय यंग कुणाला". पहिल्या गप्पा ट्रेडच्या, म्हणजे संघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करण्याच्या; दुसऱ्या साय यंगच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या पुरस्काराच्या. दोन्ही गप्पा पिचरभोवती, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याभोवती, फिरतात आणि नवा माणूस कॉफीचा कप धरून नुसती मान डोलावत उभा राहतो. हा लेख त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो आणि इथल्या टायगर्स संघाचा चाहता आहे, त्यामुळे उदाहरणं बरीचशी आमच्याच संघाची येतील. ते गैरसोयीचं नाही. पिचरच्या बाबतीत जितक्या तऱ्हेचा फायदा आणि जितक्या तऱ्हेचा तोटा होऊ शकतो, तो सगळा या एका संघाने करून ठेवला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. पुरस्कार मागे बघतो, आणि तोसुद्धा एकाच मोसमाकडे, एकाच लीगमध्ये. ट्रेड पुढे बघतो, कधी दोन महिने, कधी सहा वर्षं. एकाचं माप दुसऱ्याला लावलंत की वाद संपतच नाही.

१. आधी हे जवळ ठेवा

यातलं बहुतेक फुकट आहे.

- बेसबॉल रेफरन्स : खेळाडूच्या पानावर खाली उतरलात तर त्याचे आजवरचे सगळे ट्रेड तारखेसह सापडतात. पुरस्कारांच्या मतदानाचे तक्तेही इथेच.
- फॅनग्राफ्स : बारकाईची आकडेवारी आणि मायनर लीगमधल्या (खालच्या पातळीवर तयार होणाऱ्या) पोरांच्या क्रमवाऱ्या.
- बेसबॉल सॅव्हंट : लीगची स्वतःची मोजणी. चेंडूचा वेग, फिरकी, बॅटवरून निघालेल्या फटक्याची ताकद. खेळाडूच्या पानावर लाल-निळ्या पट्ट्या असतात. लाल म्हणजे चांगलं. घाईत असाल तर तेवढ्या पट्ट्या बघा.
- स्पॉट्रॅक : कुणाचा करार किती डॉलरचा आणि कधी संपतो.
- एक वही किंवा एक्सेलची शीट. कशाला, ते पायरी आठमध्ये.

एमएलबी टीव्हीची (लीगच्या सामन्यांच्या ऑनलाइन प्रक्षेपणाची) वर्गणी भरण्याआधी 'ब्लॅकआउट'चा नियम वाचा. अमेरिकेत राहत असाल तर नेहमीच्या वर्गणीत आपल्याच गावच्या संघाचे सामने थेट दिसत नाहीत. हौसेने पैसे भरून मग कपाळावर हात मारणारे दरवर्षी भेटतात. भारतातून पाहणाऱ्यांना ही कटकट नाही, पण डेट्रॉइटमधला संध्याकाळी ६:४० चा सामना पुण्यात पहाटे ४:१० ला सुरू होतो. दुपारी १:१० चे सामने धरा. ते रात्री १०:४० ला लागतात.

२. वर्षाचं वेळापत्रक समजून घ्या

मार्चच्या अखेरीस मोसम सुरू होतो, सप्टेंबरच्या शेवटी संपतो. मेजर लीगमध्ये (म्हणजेच एमएलबीत) ३० संघ, अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीगमध्ये १५-१५, आणि प्रत्येकाचे १६२ सामने. मग ऑक्टोबरभर बाद फेऱ्या.

ट्रेड डेडलाइन (त्या मोसमातल्या ट्रेडची शेवटची मुदत) जुलैच्या शेवटाला किंवा ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत असते. नेमकी तारीख लीग दरवर्षी ठरवते. २०२४ मध्ये ३० जुलै होती, २०२५ मध्ये ३१ जुलै, दोन्ही वेळी पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने संध्याकाळी सहाला. भारतात तेव्हा दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. मोबाइल सायलेंटवर ठेवून झोपा, सकाळी सगळं एकत्र वाचा.

जुने लेख वाचताना एक ध्यानात ठेवा. २०१८ पर्यंत 'वेव्हर'च्या (खेळाडू आधी इतर संघांपुढे ठेवण्याच्या) आडवाटेने ऑगस्टमध्येही मोठे ट्रेड होत असत. २०१९ पासून ती वाट बंद झाली. पिचर जस्टिन व्हर्लँडरला टायगर्सनी ह्यूस्टनला दिलं ते ३१ ऑगस्ट २०१७ च्या मध्यरात्रीला काही क्षण उरले असताना. आता तसं होणे नाही.

बातम्यांचा गदारोळ जुलैत असला तरी मोठ्या स्टार्टरचे (सामना सुरू करणाऱ्या पिचरचे) ट्रेड पुष्कळदा हिवाळ्यात होतात. ख्रिस सेल ३० डिसेंबर २०२३ ला बॉस्टनहून अटलांटाला गेला. गॅरेट क्रोशे डिसेंबर २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून बॉस्टनला आला. त्यामुळे थँक्सगिव्हिंगनंतर बेसबॉलचं ॲप काढून टाकू नका.

३. पिचर कुठल्या कामाचा ते पाहा

स्टार्टर पाचेक दिवसांतून एकदा सामना सुरू करतो आणि धडधाकट राहिला तर वर्षात तीसएक सामने टाकतो. रिलीव्हर नंतर येतो, एखादी इनिंग टाकून जातो. त्यातला आघाडी टिकवायला शेवटी येणारा तो क्लोझर. साय यंग व्यवहारात स्टार्टरचाच पुरस्कार आहे. रिलीव्हरने तो जिंकला त्याला बरीच वर्षं झाली, २००३ मध्ये लॉस एंजलिस डॉजर्सच्या एरिक गान्येने, ५५ सेव्ह (शेवटपर्यंत टिकवलेल्या आघाड्या) करून आणि एकही न दवडता. जुलैतली गर्दी मात्र रिलीव्हरसाठीच असते, कारण ऑक्टोबरात एकेका इनिंगचा भाव वाढतो.

४. चार आकडे शिका, एक विसरा

ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर किती रन लागल्या. टायगर्सच्या टॅरिक स्कूबलने २०२५ मध्ये १९५.१ इनिंग टाकल्या आणि त्याच्यावर ४८ रन लागल्या. ४८ गुणिले ९, भागिले इनिंग : २.२१. इथे एक खड्डा आहे. १९५.१ मधला '.१' हा दशांश नाही. तो एक बाद, म्हणजे एक तृतीयांश इनिंग. '.२' म्हणजे दोन बाद. एक्सेलमध्ये जसाच्या तसा टाकलात तर गणित चुकेल.

व्हिप : वॉक (चार बॉलला फुकटचा बेस) आणि हिट (मारून मिळवलेला बेस) मिळून इनिंगमागे किती फलंदाज बेसवर गेले. एकच्या खाली असला तर पिचर उत्तम.

एफआयपी : क्षेत्ररक्षकांचा भाग वजा करून, फक्त स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकला बाद), वॉक, फलंदाजाला लागलेले चेंडू आणि होम रन यांवरून काढलेला आकडा. ईआरएसारखाच वाचायचा. ईआरए २.५० आणि एफआयपी ४ असेल तर नशिबाने किंवा मागच्या आठ जणांनी हात दिला आहे असं समजा. खरेदीदार संघ हा आकडा आधी बघतात.

वॉर : सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा याच्यामुळे किती सामने जास्त जिंकले याचा अंदाज. दोन साइट दोन वेगळे आकडे देतात. बेसबॉल रेफरन्स प्रत्यक्ष लागलेल्या रनवरून मोजतं, फॅनग्राफ्स एफआयपीवरून. पुरस्काराला मी पहिला वापरतो, कारण तिथे जे घडलं त्याचं बक्षीस आहे. ट्रेडला दुसरा, कारण तिथे पुढे काय घडेल ते हवं आहे.

विसरायचा आकडा म्हणजे विजय. स्टार्टरने पाच इनिंग टाकल्या, जाताना संघ पुढे होता आणि पुढेच राहिला, की त्याच्या नावावर विजय लागतो. त्याच्या फलंदाजांनी रन केल्या नाहीत तर तो काय करणार? १९९० मध्ये बॉब वेल्चला २७ विजयांवर पुरस्कार मिळाला. त्याचा ईआरए २.९५ होता आणि २१ विजयांच्या रॉजर क्लेमेन्सचा १.९३. तो काळ गेला. २०१० मध्ये सिएटलचा फेलिक्स हर्नांडेझ १३ विजय-१२ पराभवांवर जिंकला, २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डीग्रॉम १०-९ वर. २०२५ मध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला १०-१० असतानाही सगळ्याच्या सगळ्या ३० जणांनी पहिलं मत दिलं, ईआरए १.९७. (पिट्सबर्ग पायरेट्स म्हणजे तोच संघ, ज्याने २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिचर म्हणून करारबद्ध केलं होतं. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत.) ऑफिसात एखादे जुने जाणते अजूनही "पण त्याचे विजय किती?" असं विचारतील. वाद घालू नका, हसा.

आकडे आणि खेळ यांची सांगड घालायला एक ओळ वाचून पाहा. २५ मे २०२५, टायगर्सचं मैदान कोमेरिका पार्क, स्कूबल विरुद्ध क्लीव्हलँड : ९ इनिंग, २ हिट, ० रन, ० वॉक, १३ स्ट्राइकआउट, ९४ पिच (टाकलेले चेंडू). शून्य वॉक आणि तेरा स्ट्राइकआउट, म्हणजे फलंदाजाला ना फुकट काही मिळालं ना मारून. नऊ इनिंगला ९४ पिच म्हणजे इनिंगला साडेदहाही नाहीत. एरवी पंधरा-सोळा लागतात. आणि शेवटची, ९४ वी पिच ताशी १०२.६ मैल, म्हणजे १६५ किलोमीटरची. दमून वेग उतरायच्या वेळी याचा चढला. अशी ओळ दिसली की सॅव्हंटवर जाऊन त्या सामन्यातल्या पिचा एकेक करून बघा. पंधरा मिनिटांत जे कळेल ते दहा लेख वाचून कळणार नाही.

५. ट्रेडची बातमी आली की काय बघायचं

पहिला प्रश्न 'कोण चांगला' हा नाही. पहिला प्रश्न : हा पिचर संघाच्या ताब्यात अजून किती काळ आहे? मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की खेळाडू फ्री एजंट, मोकळा. वर्ष १७२ दिवसांचं धरतात. पहिली तीनेक वर्षं पगार किमान वेतनाच्या आसपास (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन लवादाने ठरलेला, त्यानंतर बाजारभाव. स्कूबलला २०२५ मध्ये १ कोटी १ लाख ५० हजार डॉलर मिळत होते; त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या झॅक व्हीलरला ४ कोटी २० लाख. क्रोशेसाठी बॉस्टनने चार होतकरू पोरं मोजली ती याच फरकासाठी : पिचर तरुण, दोन वर्षं ताब्यात, पगार कमी. त्याने २०२५ मध्ये २५५ स्ट्राइकआउट केले आणि साय यंगमध्ये दुसरा आला.

ज्याचा करार मोसमाअखेर संपतो त्याला 'रेंटल' म्हणतात. दोन महिन्यांचं भाडं. टायगर्सनी २०२४ च्या डेडलाइनला जॅक फ्लॅहर्टीला डॉजर्सकडे असाच धाडला आणि बदल्यात ट्रे स्वीनी आणि थायरॉन लिरान्झो घेतले. मोसम सोडून दिला म्हणून इथे शिव्यांची लाखोली वाहिली गेली. झालं काय? डॉजर्स वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकले, टायगर्स स्वीनीला शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागेवर) उभा करून २०१४ नंतर पहिल्यांदा बाद फेरीत पोचले आणि पुढच्या हिवाळ्यात फ्लॅहर्टी फ्री एजंट म्हणून पुन्हा डेट्रॉइटला आला. रेंटल विकणं म्हणजे शरणागती नव्हे, हे नव्या चाहत्याला पटायला वेळ लागतो.

दुसरा प्रश्न : विकत घेणाऱ्याला नेमकं काय हवं होतं, आणि ते मिळालं का? इथे डॉइल अलेक्झांडरची गोष्ट माहीत असायलाच हवी. डेट्रॉइटात राहत असाल तर ती कुणी ना कुणी ऐकवेलच. १२ ऑगस्ट १९८७. टायगर्स पहिल्या क्रमांकासाठी झुंजत होते आणि त्यांना स्टार्टर हवा होता. त्यांनी अटलांटाकडून ३६ वर्षांचा अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात वीस वर्षांचा एक पोरगा दिला. पोरगा इथलाच, लॅन्सिंगचा, आणि मायनर लीगमध्ये मार खात होता. अलेक्झांडरने ११ सामने सुरू केले. ९ विजय, शून्य पराभव, ईआरए १.५३. टायगर्स ते अकराही सामने जिंकले आणि मोसमाच्या शेवटच्या दिवशी टोरँटोला मागे टाकून लीगमधला आपला गट जिंकला. दोन वर्षांनी अलेक्झांडर संपला. तो पोरगा जॉन स्मोल्ट्झ. १९९६ चा साय यंग, २१३ विजय, १५४ सेव्ह, २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम (दिग्गजांचं मानाचं दालन).

हा इतिहासातला सर्वांत वाईट ट्रेड असल्याचं तुम्हाला सांगतील. मला ते पटत नाही. गट दोन सामन्यांनी जिंकला. अलेक्झांडर नसता तर तो गेला होता. संघाला ऑगस्टमध्ये जे हवं होतं ते मिळालं, आणि दिलं ते त्या दिवशी मायनर लीगमधल्या दहा पोरांसारखं एक पोर होतं. निकाल माहीत झाल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं. वाईट ट्रेड कसा असतो ते बघायचं तर १९७१ च्या डिसेंबरात मेट्सनी नोलन रायनला कॅलिफोर्निया एंजल्सकडे पाठवलं ते बघा. बदल्यात घेतलेला जिम फ्रेगोसी पडत्या काळात होता, आणि रायनच्या हातातला वेग तेव्हाही सगळ्यांना दिसत होता. सोबत आणखी तीन खेळाडूही दिले. रायन पुढे ५,७१४ स्ट्राइकआउट करून थांबला.

तिसरा प्रश्न : पुरस्काराची किंमत मोजताय का? मागच्या वर्षीचा साय यंग म्हणजे पुढच्या वर्षीची हमी नव्हे. टायगर्सच्या डेनी मॅक्लेनने १९६८ मध्ये ३१ सामने जिंकले, साय यंग आणि एमव्हीपी (लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) दोन्ही घेतले. १९६९ मध्ये साय यंग वाटून मिळाला. १९७० मध्ये निलंबनांमुळे तो धड खेळलाच नाही, आणि ऑक्टोबरात टायगर्सनी त्याला वॉशिंग्टनच्या गळ्यात बांधलं. १९७१ मध्ये तो २२ सामने हरला. बदल्यात आलेल्यांपैकी जो कोलमनने त्याच वर्षी २० जिंकले आणि १९७२ मध्ये टायगर्सनी गट जिंकला. छातीवरचं पदक बघून दाम देणारा फसला.

आणखी काही बारीक गोष्टी. दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढली असतील तर खेळाडू ट्रेडला नकार देऊ शकतो. व्हर्लँडरच्या 'हो'साठी २०१७ मध्ये सगळे घड्याळाकडे बघत बसले होते ते यामुळेच. बातमीत 'नंतर नाव जाहीर होणारा खेळाडू' असं दिसलं तर दुर्लक्ष करू नका. सहा महिन्यांच्या आत ते नाव ठरतं, आणि कधीकधी तोच हिरा निघतो. २००८ मध्ये सीसी सबाथियाला मिलवॉकीला देताना क्लीव्हलँडच्या बातम्यांत मथळा मॅट लापोर्टाचा होता. खरा निघाला नंतर ठरलेला मायकेल ब्रँटली.

६. लीग बदलली का, ते तपासा

ही पायरी छोटी, पण इथेच ट्रेड आणि पुरस्कार एकमेकांत अडकतात. साय यंग दोन लीगना वेगवेगळा मिळतो (१९५६ ते १९६६ मिळून एकच होता). पिचर मोसमाच्या मध्यात एका लीगमधून दुसरीत गेला तर मतदार फक्त आपल्या लीगमधली कामगिरी मोजतात.

सबाथियाने मिलवॉकीत ११-२, ईआरए १.६५ असा धुमाकूळ घातला, पण नॅशनल लीगमध्ये अर्धंच वर्ष होतं, पाचवा आला. अलेक्झांडर १९८७ मध्ये अकरा सामन्यांच्या जोरावर अमेरिकन लीगमध्ये चौथा आला. रिक सटक्लिफ मात्र अपवाद : १९८४ च्या जूनमध्ये क्लीव्हलँडहून शिकागो कब्समध्ये गेला, तिथे १६-१ असा गेला आणि नॅशनल लीगचा साय यंग एकमताने घेऊन आला. त्याच वर्षी अमेरिकन लीगचा साय यंग टायगर्सच्या विली हर्नांडेझला मिळाला, आणि त्यालाही टायगर्सनी त्याच मार्चमध्ये फिलाडेल्फियाकडून आणलं होतं.

लीग तीच राहिली तर आकडे जोडले जातात. डेव्हिड प्राइस जुलै २०१५ मध्ये डेट्रॉइटहून टोरँटोला गेला, दोन्ही अमेरिकन लीगमध्ये, आणि साय यंगमध्ये दुसरा आला.

७. पुरस्कार कोण देतं आणि कसं मोजतात

मत देतात बेसबॉल लिहिणारे पत्रकार. प्रत्येक लीगसाठी प्रत्येक शहरातले दोन, म्हणजे तीस मतं. मतपत्रिका बाद फेऱ्या सुरू होण्याआधी जमा होतात, निकाल नोव्हेंबरात लागतो. मधल्या महिन्यात जे घडतं त्याचा या पुरस्काराशी काडीचा संबंध नाही. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सच्या योशिनोबू यामामोटोने तीन सामने जिंकून सिरीजचा एमव्हीपी पटकावला. साय यंगमध्ये तो तिसराच राहिला, आणि ते बरोबरच होतं.

साय यंगसाठी पाच नावं लिहायची : पहिल्याला ७ गुण, मग ४, ३, २, १. एमव्हीपीला दहा नावं, पहिल्याला १४. पिचरला एमव्हीपी मिळू शकतो (व्हर्लँडर २०११, क्लेटन कर्शॉ २०१४), पण काही मतदारांना तो आवडत नाही. १९९९ मध्ये पेड्रो मार्टिनेझला सर्वांत जास्त पहिली मतं मिळाली तरी पुरस्कार हुकला, कारण दोन मतपत्रिकांवर त्याचं नावच नव्हतं.

गुणांची ही पद्धत कशी चावते ते २०१६ च्या अमेरिकन लीगमध्ये बघा. व्हर्लँडरला १४ पहिली मतं, बॉस्टनच्या रिक पोर्सेलोला ८. जिंकला पोर्सेलो, १३७ विरुद्ध १३२. दोन मतदारांनी व्हर्लँडरचं नाव पाचातही घेतलं नाही, म्हणून डेट्रॉइट अजून चिडलेलं आहे. चीड रास्त, पण गणित करून पाहा. त्या दोघांनी त्याला चौथं ठेवलं असतं तर चार गुण वाढून १३६ झाले असते. तरी हार. पोर्सेलोला अठरा जणांनी दुसरं मत दिलं होतं, व्हर्लँडरला दोघांनी. दुसरी मतंही निकाल फिरवतात, हे लक्षात ठेवून पुढच्या निकालाचा तक्ता वाचा.

पुरस्कार उलटा ट्रेडवरही परिणाम करतो, आणि ही गोष्ट जुन्या चाहत्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारानुसार, प्रत्येक लीगमध्ये नवोदित खेळाडूच्या पुरस्कारात पहिले दोन आलेल्यांना पूर्ण वर्षाची सेवा मिळते, मग ते मोसमात उशिरा का आलेले असेनात. स्कीन्स ११ मे २०२४ ला आला, पुरस्कार जिंकला आणि पूर्ण वर्ष पदरात पडलं. म्हणजे पायरेट्सच्या ताब्यातलं एक वर्ष कमी झालं, म्हणजेच ट्रेडमधली त्याची किंमत तेवढी बदलली.

८. स्वतःची मतपत्रिका भरा

वही काढा. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, बाद फेऱ्यांआधी, प्रत्येक लीगमधली पाच नावं क्रमाने लिहा आणि प्रत्येकापुढे एका ओळीचं कारण. नंतर बदलायचं नाही. कारण लिहिताना एक गोष्ट ठरवावीच लागते : कमी इनिंगमधली अफाट कामगिरी मोठी, की जास्त इनिंगमधली उत्तम? २०२१ मध्ये नॅशनल लीगमध्ये नेमकं हेच झालं. मिलवॉकीच्या कॉर्बिन बर्न्सने १६७ इनिंग टाकल्या, व्हीलरने २१३.१. दोघांना पहिली मतं बारा-बारा. बर्न्स १५१-१४१ असा जिंकला. माझं मत व्हीलरला होतं. जास्तीच्या सेहेचाळीस इनिंग दुसऱ्या कुणाला तरी टाकाव्या लागतात, आणि तो कुणीतरी बर्न्स नसतो. तुम्हाला उलट वाटत असेल तर तसं लिहा, पण दरवर्षी तोच निकष लावा; एका वर्षी इनिंग, दुसऱ्या वर्षी वेग, असं करू नका.

ट्रेडसाठी त्याच वहीत दुसरं पान ठेवा. ट्रेड झाला त्याच दिवशी लिहायचं : कुणाला काय हवं होतं, किती वर्षं ताब्यात, त्या दिवशी कोण पुढे. मग दोन-तीन वर्षांनी उघडायचं.

९. नव्या माणसाचे नेहमीचे खड्डे

डेडलाइनच्या आठवड्यात समाजमाध्यमांवर नावाजलेल्या बातमीदारांच्या नावाने खोटी खाती उगवतात. खात्याचं नाव अक्षर-अक्षर वाचल्याशिवाय काही पुढे पाठवू नका. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. तिथे ती बातमी गणपतीच्या वर्गणीपेक्षा जास्त दिवस फिरते.

एप्रिलचे आकडे बघून साय यंग वाटू नका. चार सामने म्हणजे काहीच नाही.

होतकरू पोरांच्या क्रमवारीवर आंधळा विश्वास नको. व्हर्लँडरच्या बदल्यात आलेल्या तिघांत सगळ्यांचं लक्ष पिचर फ्रँकलिन पेरेझवर होतं. दुखापतींनी तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. टायगर्ससाठी खेळत राहिला तो कॅचर जेक रॉजर्स. कोवळ्या पिचरच्या खांद्या-कोपराचा भरवसा कुणी देत नाही, म्हणून दोन सारख्या पोरांमध्ये मी नेहमी फलंदाज निवडतो.

आणि शेवटचा खड्डा खुद्द आमच्या गावचा. स्कूबलने २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ दोनदा साय यंग जिंकला, आणि २०२६ नंतर तो मोकळा. दुसरा पुरस्कार मिळाला त्याच हिवाळ्यात इथे दोन तट पडले : "आत्ताच विका, डोंगराएवढं मिळेल" आणि "दोनदा साय यंग जिंकलेला पिचर कुणी विकतं का?" दुसऱ्या गटाचं कारण चुकीचं आहे, पुरस्कारांचा इथे संबंध नाही. तरी मी त्याच गटात. ज्या संघाला ऑक्टोबरात पोचायची खरी संधी आहे त्याने असा पिचर वर्षभर वापरावा. त्याच्या बदल्यात मिळणारी पोरं कधी फळतील आणि फळतील तरी का, याचा जबाब कुणाकडे नाही. माझ्या वहीत कारणासकट तसं लिहून ठेवलं आहे. पान उघडायची तारीखही टाकली आहे : नोव्हेंबर २०२८.